एक जूनवाल्यांची कॅप्टन

"एक जूनवाला ना हा? म्हणजे मे अखेर सुटलाच असता."

"आठ महिन्यांसाठी राहिलं बघ," दुसरा म्हणाला.

माझ्या मागच्या खुर्च्यांवर बसलेली ही दोन माणसं अंबरनाथच्या कारखान्यातली, सुदाममामाच्या खात्यातली होती. ती त्याच्या रिटायर होण्याबद्दल बोलत होती. ज्याचा जन्म कागदावर महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुटतो, असा नियम आहे. आणि कारखान्यात एक जूनवाले इतके, की मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी गेटवर नुसते हारच हार दिसायचे, असं मामा सांगायचा. बदलापूरला मांजर्लीत, मामाच्या चाळीपुढे पांढरा मांडव घातला होता. टेबलावर त्याचा फोटो, शेवंतीची फुलं, वाऱ्याने सारख्या विझणाऱ्या मेणबत्त्या. मामाला जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि त्या दिवशी त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मी मान न वळवता ऐकत होते. मला तशी सवय आहे. माणसं माझ्या जवळ बसून बोलतात, आणि मी तिथे आहे हे थोड्या वेळाने विसरून जातात.

मामा गेल्याचं मला ऑफिसात कळलं होतं. उल्हासनगरला मी टायपिंगच्या कामाला आहे, तिथल्या फोनवर आईचा आवाज आला. "तुझा मामा जेवून आडवा झाला गं... उठलाच नाही." एवढंच म्हणून ती थांबली. मी "बरं" म्हणाले. बरं! नंतर कितीतरी दिवस मला माझ्या त्या शब्दाची लाज वाटत राहिली. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट सांगायलाही मला संकोच वाटतो. मला वाटलं, आता मामाला कधीच सांगता येणार नाही.

काय सांगायचं होतं, ते कळायला जरा मागे जावं लागेल.

मामा माझ्या आईचा भाऊ, तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. त्यांचं मूळ घर वांगणीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत. तिथे मूल जन्मलं की तारीख कुठे लिहून ठेवायची पद्धत नव्हती. लिहिणार कोण? पुढे पोर शाळेत गेलं की गुरुजी त्याच्याकडे बघायचे, दात बघायचे, उंची बघायचे आणि वर्ष ठरवायचे. दिवस आणि महिना ठरवण्याची गरजच नव्हती. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून सगळ्यांचा जन्म एक जून. मामाचा एक जून, त्याचा मित्र रघूचा एक जून, त्यांच्याबरोबर हुतुतू खेळणाऱ्या प्रत्येक पोराचा एक जून. वस्तीतल्या कुणाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. आडनावासारखीच ती तारीख सगळ्यांची.

ती वेगळी आहे हे त्यांना पहिल्यांदा कळलं ते उल्हासनगरला. मामा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. कॅम्प दोनमध्ये कुमार गटाचे सामने होते आणि वस्तीची टीम शाळा सोडल्याचे दाखले घेऊन पायी निघून तिथे पोहोचली होती. नावं लिहून घ्यायला एक सिंधी गृहस्थ बसले होते. त्यांनी एक दाखला बघितला, दुसरा बघितला, सातही टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि चष्मा काढला. ही गोष्ट मामा सांगायचा तेव्हा तोही नाकावरून नसलेला चष्मा काढायचा.

"अरे, सातों के सात एक ही दिन पैदा हुए? एक माँ के हो क्या?"

दाखले खोटे ठरवून परत पाठवतील या भीतीने रघूकाका तर रडायच्या बेतात आला होता. तेव्हा मामा पुढे झाला आणि म्हणाला, "माँ अलग है साब. मास्टर एक है."

ते गृहस्थ इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि टीम उतरवून घेतली. दुसऱ्याच सामन्यात ही मंडळी हरली. पण परत येताना मामाच्या डोक्यात एक विचार शिरला होता, आणि तो पुढे चाळीस वर्षं तिथून निघाला नाही. आपण सात जण एका दिवशी जन्मलो. मग याच दिवशी जगात आणखी कोण कोण खेळाडू जन्मले असतील?

मी मामाला पाहते आहे तेव्हापासून त्याच्याकडे ती वही होती. कारखान्यात बाद झालेली, लांबलचक हजेरीवही. तिच्यात डावीकडे नावं आणि पुढे चौकटी. मामाने नावांच्या जागी एक जूनला जन्मलेले खेळाडू लिहिले होते. पहिली सात नावं वस्तीतली. त्यांच्याखाली ऑस्ट्रेलियाचा कुणी जुना गोलंदाज, रशियाचा वजन उचलणारा, इंग्लंडातला फुटबॉलचा गोलकीपर, जपानची एक पोहणारी बाई. वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर कधी कोपऱ्यात कुणाचा वाढदिवस छापून आला की तो कापून मामा वहीत चिकटवायचा. दर एक जूनला संध्याकाळी तो या सगळ्यांची हजेरी घ्यायचा. खरंच घ्यायचा. मामीने शेवटच्या आंब्यांचा रस काढलेला असायचा, वाटीत जांभळं असायची, आणि मामा जमिनीवर वही पसरून मोठ्याने नाव वाचायचा आणि चौकटीत बरोबरची खूण करायचा. रशियावाल्याचं नाव वाचून झालं की तो क्षणभर थांबायचा, जणू तिकडून आवाज येईपर्यंत वेळ द्यायला हवा.

"माझं कुठंय नाव?" मामी दारातून विचारायची. "तुमच्या त्या जपानच्या बाईला हजर करता, मला नाही!"

"तू कुठं खेळाडू?"

"तीस वर्षं तुमच्याबरोबर खेळतेय की."

मामी शाळेत गेलीच नव्हती, त्यामुळे तिला खोटी तारीखसुद्धा मिळाली नव्हती. रेशनकार्ड करायच्या वेळी कारकुनाने तिची जन्मतारीख विचारली, तर मामाने आपलीच देऊन टाकली. "एवढी मोठी तारीख आहे," तो म्हणायचा, "तिच्यात आणखी एक माणूस सहज मावतं."

मी या वहीत शिरले ती माझ्या इंग्रजीमुळे. वडिलांनी हट्टाने मला इंग्लिश मीडियमला घातलं होतं. आमच्या सगळ्या नातेवाइकांत तशी मी पहिली. त्याचा मला अभिमान वाटावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती, पण मला मात्र कायम वाटायचं की मी दोन्हीकडून उरले आहे. शाळेत माझं इंग्रजी ऐकून मुली एकमेकींकडे बघायच्या, आणि घरी माझं मराठी ऐकून भावंडं हसायची. त्यामुळे मी बोलणंच कमी केलं. फक्त मामाकडे वाचायला लागायचं, बोलायला नाही. म्हणून रविवारी मला मांजर्लीला जायला आवडायचं. कॅम्प दोनमध्ये हासूशेठ नावाचा एक रद्दीवाला होता. तो मामासाठी खेळांची इंग्रजी मासिकं बाजूला काढून ठेवायचा. "मामा, अंग्रेजी माल आया है," असं तो दुकानातूनच ओरडायचा, आणि रस्त्यावरची माणसं मामाकडे भलत्याच नजरेने बघायची. ती मासिकं पिशवीत भरून मामा घरी आणायचा आणि मला म्हणायचा, "बाय, बस. तू वाच, मी ऐकतो."

अशाच एका पिशवीतून ते पुस्तक आलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. जाड अमेरिकन पुस्तक, कव्हर नव्हतं, पुढची काही पानंही नव्हती. आत खेळाडूंच्या याद्याच याद्या. नाव, गाव, आणि शेवटी आकड्यांत जन्मतारीख. मामाला रोमन लिपी वाचायला वेळ लागायचा, म्हणून त्याने काम माझ्यावर सोपवलं. "एक आणि पुढं सहा, असं जिथं दिसंल तिथं थांब." मी पालथी पडून पानांवरून बोट फिरवत गेले. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत भिंतीवर गेला, मामीने दोनदा चहा दिला, खाली नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं... आणि मला तीन जण सापडले. त्यांतल्या एका बाईवर पुढे अर्धं पान मजकूर होता. ती लांब उडी मारायची.

मी वाचत गेले आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगत गेले. तिचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. शेताच्या कडेला पाण्याचा चर होता, त्याच्यावरून ती लहानपणी उड्या मारायची. गावाला मोठं मैदान होतं, पण ते गोऱ्या मुलांचं होतं. काळ्या मुलांना तिथे येऊ देत नसत. म्हणून ती चरावरच शिकली.

"परत वाच," मामा म्हणाला.

"कुठलं?"

"मैदानाचं."

मी परत वाचलं. मामा उठून बाहेर गॅलरीत गेला आणि बराच वेळ नदीकडे बघत उभा राहिला. आमच्या वस्तीतल्या पोरांनी हुतुतू कुठे खेळायचं आणि कुठे नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आईने ते फार नंतर सांगितलं, आणि तेही दोन वाक्यांत. मामाने स्वतः कधीच सांगितलं नाही. आत येऊन त्याने वही उघडली, पहिल्या ओळीच्या वर, जिथे खरं तर ओळच नव्हती, तिथे रेघ मारून जागा केली आणि मला म्हणाला, "हिचं नाव इथं लिही. इंग्लिशमध्ये लिही, सुंदर अक्षरात." तिचं नाव लांब होतं, मामाच्या जिभेवर बसेना. म्हणून त्या दिवसापासून तो तिला कॅप्टन म्हणू लागला.

त्यानंतरची चार-पाच वर्षं मला आठवतात ती थोडी झोपेत असल्यासारखी. हिवाळ्यात दुपारी मामा मला नदीच्या काठी घेऊन जायचा. तिथे वाळू आणि गवताच्या मधे एक सपाट तुकडा होता. मामा काठीने रेघा आखायचा. मग एका बाजूला एक जूनवाले आणि समोर उरलेले तीनशे चौसष्ट दिवस, असा सामना व्हायचा. तिथे प्रत्यक्षात कुणीच नसायचं. मामा आणि मी, आणि पलीकडे एखादी म्हैस. पण मामा सांगायचा आणि ते दिसायचं. डाव्या कोपऱ्यात रघूकाका, उजव्यात रशियावाला, कारण त्याने एकदा घोटा धरला की सुटणं नाही. गोलकीपर मधे, त्याचे हात लांब. जपानची बाई दम धरण्यात पटाईत, तिला पाण्याखालची सवय. आणि चढाईला कॅप्टन. ती मध्यरेषेवरून धावत नाही, मामा म्हणायचा, ती उडते... समोरच्या सगळ्या दिवसांच्या डोक्यावरून जाते, मागच्या रेघेजवळ उतरते, एकाला शिवते आणि परत उडून घरी. "बघ, बघ, आली!" असं म्हणून मामा खरोखरच वर बघायचा. मीही बघायचे. उन्हात डोळे मिटले जायचे आणि पापण्यांच्या आत लाल रंगात काहीतरी हलायचं. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी तिला पाहिलं आहे.

एका पावसाळ्यात नदी चाळीत शिरली. खालच्या खोलीत गुडघाभर पाणी झालं. मामाने वही डोक्यावर धरून वर नेली, पण मासिकं आणि ते कव्हर नसलेलं पुस्तक गेलं. नंतर चिखलात त्याची काही पानं सापडली, एकमेकांना चिकटलेली. मामा म्हणाला, "असू दे. आपल्याला लागणारी माणसं आपण आधीच काढून घेतलीत."

मी कॉलेजला होते तेव्हाची गोष्ट. लायब्ररीत एका सामान्यज्ञान स्पर्धेसाठी वाचत बसले होते आणि खेळांच्या एका जाड पुस्तकात अचानक कॅप्टनचं नाव दिसलं. मला इतका आनंद झाला! जवळच्या माणसाचा फोटो पेपरात यावा तसा. इथे जन्मतारीख आकड्यांत नव्हती, अक्षरांत होती. सहा जानेवारी.

मला वाटलं छापण्यात चूक असेल. मग हळूहळू ते जुनं पुस्तक डोळ्यांपुढे आलं, त्यातले आकडे आले. अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. त्यांचा एक आणि सहा म्हणजे जानेवारीची सहा तारीख. खऱ्या एक जूनवाल्यांपुढे सहा आणि एक असं छापलेलं असणार, आणि त्या सगळ्यांवरून माझं बोट न थांबता पुढे गेलं होतं. मी आत घेतलेले तिघेही दुसऱ्याच दिवसाचे होते. लायब्ररीच्या पंख्याखाली बसून मला घाम फुटला. इंग्रजी येतं म्हणून ज्या एका माणसाने माझ्यावर पूर्ण विश्वास टाकला होता, त्याला मी चुकीचं वाचून दाखवलं होतं.

त्याच संध्याकाळी मी बदलापूरला गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. मामा तेव्हा कारखान्यातून आल्यावर मुलींना कबड्डी शिकवायचा. मी पोहोचले तेव्हा मैदानावर दहा-बारा मुली त्याच्याभोवती घोळका करून बसल्या होत्या. त्यांतल्या काही वांगणीकडच्या वाड्यांवरून यायच्या, अनवाणी. मामा त्यांना कॅप्टनची गोष्ट सांगत होता. चर, कापूस, मैदान. आणि शेवटी म्हणाला, "आता आपापले दाखले आठवा बरं. कुणाचा एक जून?" सात-आठ हात वर झाले. "बघा, तिचा आणि तुमचा वाढदिवस एक. तुमच्या गुरुजींनी उगाच नाही दिला हा दिवस." एक काळीसावळी मुलगी आपला वर केलेला हात खाली घ्यायलाच विसरली. ती तशीच बसून राहिली, हात वर, तोंड उघडं.

मी मागे फिरले.

पुढे किती वेळा सांगायला गेले त्याची मोजदाद नाही. "मामा, एक विचारू?" "विचार की बाय." "...चहा ठेवू?" तो हसायचा. त्याला वाटायचं ही अशीच, लाजरी. मी सांगितलं नाही ते मामाला वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला समजावत असे. आता लिहिताना वाटतं, ते अर्धंच खरं. मला मी चुकले हे सांगायचं नव्हतं. मला त्या एका घरात तरी बरोबर वाचणारी मुलगी म्हणून राहायचं होतं.

शेवटची भेट सप्टेंबरात झाली. मुलींच्या टीमने तालुक्याचा सामना जिंकला होता आणि त्यांना बक्षिसं द्यायची होती. मामा म्हणाला, "या वेळी कॅप्टनबद्दल तू बोल. तू शोधलीस तिला."

"मला नाही जमणार मामा."

"पाच मिनिटं. मराठीत बोल, इंग्लिशमध्ये बोल, कसंही बोल."

"नको ना."

तो म्हणाला, "बरं. तुझ्या मनात येईल तेव्हा." आणि डब्यातून मला चिक्की काढून दिली, मी एकवीस वर्षांची आहे हे विसरून. बक्षिसांचा कार्यक्रम व्हायच्या आत तो गेला.

तर पुण्यानुमोदनाच्या त्या सकाळी मी मांडवात बसले होते. वंदना झाली. मग लोक एकेक करून उठून फोटोला फूल वाहू लागले, दोन शब्द बोलू लागले. कारखान्याचे साहेब बोलले, चाळीतले बोलले. हासूशेठ आला होता, तो नुसता हात जोडून उभा राहिला आणि रडत खाली बसला. मग रघूकाका उठला. त्याने आधी सगळ्यांना जयभीम घातला आणि मग सात दाखल्यांची गोष्ट सांगितली, चष्मा काढण्यासकट. मांडवात हसू फुटलं. मामीसुद्धा पदराआड हसली. मला वाटलं आता तो बसेल. पण तो म्हणाला, "आणि आमची कॅप्टन अमेरिकेत. ती कशी सापडली, ते ही पोरगी सांगंल. हिनेच काढली शोधून. ऊठ गं."

माझ्या शेजारी मामाच्या टीममधल्या मुली बसल्या होत्या, तेव्हा हात खाली घ्यायला विसरलेलीही त्यांत होती. त्या सगळ्या माझ्याकडे वळल्या. आईने माझा हात दाबला, म्हणजे नको असेल तर नको. मी उभी राहिले. बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाज इतका लहान निघाला की मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं, ताई." मग मी मोठ्याने सांगितलं. पुस्तक कसं आलं, बोट कसं फिरवलं. अमेरिकेत तारीख उलटी लिहितात, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती एक जूनची नाही. सहा जानेवारीची आहे. मला तीन-चार वर्षं माहीत होतं आणि मी मामाला सांगितलं नाही.

मला त्या हात वर करणाऱ्या मुलीकडे बघवेना. मी खाली सतरंजीकडे बघत उभी राहिले. आता माझं लिहिणं-वाचणं या घरात संपलं, असं वाटत होतं.

"जानेवारी म्हंजी थंडीच ना?"

बायकांच्या रांगेतून मोठी मावशी बोलली. ती मामाची आणि आईची थोरली बहीण, अजून वस्तीवरच राहते. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलते.

"हो मावशी. थंडी."

"मंग बरोबर हाय की. सुदाम थंडीतलाच. भात झोडून झालं व्हतं, आईला पेंढ्यावर निजवली व्हती. मी शेकोटीला लाकडं आनत व्हते, माजे हात सुन्न झालेले. एक जूनला कशाचा जल्मतोय तो? मास्तराच्या वहीत जल्मला आसंल."

कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. आईने मावशीकडे असं बघितलं, की तिलाही हे आजच कळतंय हे माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं मामाने जगभरातल्या लोकांच्या तारखा गोळा केल्या, आणि सख्ख्या बहिणीला कुणी कधी विचारलंच नव्हतं. थंडीत किती दिवस असतात, त्यांतला मामाचा नेमका कुठला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, एवढं मला कळत होतं. तरीही मी फोटोकडे बघितलं. मामा नेहमीसारखा दिसत होता, समोरून कुणाचा तरी आवाज येईपर्यंत वेळ देणारा.

रघूकाका अजून उभाच होता. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी दिसत होती, सामना चालू असताना गडी कमी पडल्यासारखी. त्याने मला विचारलं, "मग आता काय गं? कॅप्टनला टीममधनं काढायचं?"

मुली माझ्याकडे बघत होत्या. या वेळी कुणालाही मोठ्याने बोल म्हणून सांगावं लागलं नाही.

"नाही काका," मी म्हणाले. "ती राहील. मामाच तिच्या तारखेचा आहे."